कोणाची हरकत नसेल तर

इतिवृत्त म्हणतं: विषय वाचून दाखवण्यात आला. चर्चा झाली नाही. एकमताने मंजूर.

इतिवृत्तात खोटं एक अक्षर नाही.

*

विषय असा होता. भूशास्त्राची पदवी बंद करायची, विभाग पर्यावरणशास्त्रात विलीन करायचा आणि तळमजल्यावरचं खडकांचं दालन रिकामं करायचं.

भूशास्त्राच्या विभागप्रमुखांना विद्यापीठात सगळे दगडबाई म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं, आणि फारसं वाईटही वाटत नसे. पदवी गेली की त्यांच्याकडे उरणार होता दुसऱ्यांच्या अभ्यासक्रमातला मातीवरचा एक पेपर. हातोडा घेऊन डोंगरावर जाणारी मुलं पुन्हा येणार नव्हती. बाईंनी आयुष्यभर तेवढंच केलं होतं.

*

विद्यापरिषदेची रीत:

कुलसचिव विषय वाचतात. कुलगुरू चष्म्यावरून टेबलभर नजर फिरवतात आणि विचारतात, कोणाची हरकत? कोणी बोललं नाही तर मंजूर. एकाने हात वर केला आणि आणखी दोघांनी त्याला दुजोरा दिला, तर मतदान.

बाईंकडे ते दोघे होते. एक रसायनवाले सर. दुसरे त्यांचे धाकटे दीर, संख्याशास्त्र शिकवणारे. ठरलं होतं ते सोपं होतं. पहिला हात बाईंचा, कारण विषय त्यांचा. मग हे दोघे. मतदान झालं तर पारडं आपलंच, असा दिरांचा हिशोब होता, आणि दिरांचे हिशोब सहसा चुकत नसत.

*

बैठकीच्या आदल्या दिवशी जिन्यात कुलगुरू भेटले. वर चढता चढता थांबले, धाप लागल्यासारखे.

"मॅडम, आपल्या माणसांवर फार विसंबू नका. त्यातला एक जण मला भेटून गेलाय."

आणि हसून वर गेले. कोण, हे बाईंनी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे त्यांना जिना उतरल्यावर वाटलं. पण मग पुन्हा चढून जाणं आलं, आणि कुलगुरूंच्या मागे धावत जिना चढणं बाईंच्या स्वभावात नव्हतं.

*

रसायनवाले सर.

गेल्याच आठवड्यात खडकांच्या दालनात दिसले होते. हातात मोजायची टेप. बाईंना पाहून टेप सर्रकन आत गेली. "सहज," म्हणाले. सहज कोण टेप घेऊन फिरतं? त्यांची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर, गॅसची नळकांडी जिन्यावरून चढवताना रोज शिव्यांचा भडिमार. तळमजल्यावर मोठी जागा रिकामी झाली तर कोणाच्या तोंडाला पाणी सुटणार?

दीर.

रविवारी सकाळचा चहा ते भावाकडे घेत. गेल्या रविवारी आले नाहीत, त्याच्या आधीच्याही. फोनवर म्हणाले, कामात आहे. विदाशास्त्राचा, म्हणजे डेटा सायन्सचा, नवा विभाग निघणार, त्याला प्रमुख लागणार, हे बाईंनी बाहेरून ऐकलं होतं. घरातून नाही.

कुठेतरी पाणी मुरत होतं.

नवऱ्याला सांगितलं. जिन्यातलं वाक्यसुद्धा. तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "त्याला लपवाछपवी जमत नाही गं. लहानपणी साखर चोरायचा आणि ओठांना तशीच लावून यायचा."

बाई म्हणाल्या, माणसं मोठी होतात. तोंड पुसायला शिकतात.

*

म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं, पहिला हात आपला नको.

थांबायचं. बघायचं. जो आपल्याआधी हात वर करेल तो आपला. जो करणार नाही, तो जिन्यातला. मग आपण हात वर करूच. एवढा वेळ मिळतोच.

*

कुलसचिवांनी विषय वाचला. कुलगुरूंनी चष्मा खाली सरकवला.

"कोणाची हरकत?"

बाईंनी दिरांकडे पाहिलं. दिरांचा हात पेनाच्या टोपणावर होता.
टोपण उघडलं.
मिटलं.
दीर बाईंकडेच पाहत होते.

बाईंनी रसायनवाल्यांकडे पाहिलं. तेही बाईंकडेच. भुवया थोड्या वर.

हे दोघे माझ्याकडे का बघतायत? अपराधी माणूस असाच बघतो. दोघेही? दोघेही फुटले? की एक फुटला आणि दुसरा

"मंजूर. पुढचा विषय, वसतिगृहाचं दार बंद करण्याची वेळ."

बाईंचा हात तेव्हा वर गेला.

"बोला मॅडम," कुलगुरू म्हणाले. "वसतिगृहाबद्दल?"

बाई म्हणाल्या, मागच्या विषयाबद्दल. कुलगुरू अगदी मऊ आवाजात म्हणाले, तो तर झाला. कोणीतरी हसू दाबलं. कुलसचिवांनी पान उलटलं.

*

बाहेर व्हरांड्यात रसायनवाले सर आडवे आले. चिडले होते.

"निदान सांगायचं तरी, मॅडम. आम्ही दोघं खुळ्यासारखे तुमच्या हाताकडे बघत बसलो."

मग म्हणाले, त्यांची तयारी होती. दालनातली कपाटं त्यांनी मोजली होती. ती आतच बांधलेली आहेत, दारातून निघतच नाहीत, मोडल्याशिवाय दालन रिकामं होणार नाही, हे परिषदेत आकड्यांनिशी सांगायचं होतं. बाईंना आधी बोलले नाहीत, कारण कुलगुरूंनी त्यांना सांगितलं होतं की तुमच्यातलाच एक जण माझ्याकडे येऊन गेलाय.

ते निघून गेले. उरले दीर. भिंतीला टेकून, टोपणाची उघडझाप करत.

"मलाही तेच सांगितलं त्यांनी," ते म्हणाले.

"मग? तुम्हाला कोण वाटलं, भाऊजी?"

दिरांनी टोपण खिशात टाकलं.

"तुम्हीच, वहिनी. म्हणून रविवारी आलो नाही. तुमच्यासमोर बसून चहा घशाखाली उतरला नसता. आज तुमचा हात उठला नाही, तेव्हा वाटलं, आपला अंदाज बरोबर होता."

बाईंना क्षणभर त्यांचा हात धरावासा वाटला. आपणही हेच केलं, असं सांगावंसं वाटलं. तोंड उघडलंही.

पण मग आठवलं. जिन्यातलं वाक्य त्यांनी एकालाच सांगितलं होतं. नवऱ्याला. आणि नवरा या माणसाचा भाऊ होता. तिथून ऐकलं असेल तर ‘मलाही तेच सांगितलं’ असं रचायला कितीसा वेळ लागतो?

बाई म्हणाल्या, बरं. रविवारी या चहाला.

*

इतिवृत्त म्हणतं: दालन नियोजित वेळेत रिकामं करण्यात आलं.

कपाटं करवतीने कापावी लागली. भुशाचा वास तळमजल्यावर कितीतरी दिवस होता. नमुने खणांसकट उचलून जिन्याखालच्या खोलीत ठेवायचे होते. मदतीला दीर आले, कोणी न बोलावता. शर्टाच्या बाह्या दुमडून त्यांनी खणामागून खण नेले. बेसाल्ट, गारगोट्या, जीवाश्मांची पेटी. एकही दगड पडू दिला नाही. जाताना कपाळावरचा भुसा पुसत म्हणाले, "येतो, वहिनी," आणि गेले.

बाईंनी जिन्याखालच्या खोलीचं दार लावून घेतलं. दिरांनी ठेवलेले खण तेवढे वेगळे काढले आणि एकेक उघडून पाहिले.

सगळं जागच्या जागी होतं.

त्यांनी पहिला खण पुन्हा उघडला.