दोन अक्षरांची चौकट

मी एक जुना सूचनाफलक आहे, बुचाचा. माझी लाकडी कड एका पडलेल्या नाटकातल्या खिडकीची आहे. न्यूयॉर्कमधल्या एका नाट्यगृहाच्या सुताराने ती वाया जाऊ नये म्हणून मला बनवले आणि नटांच्या मागच्या दाराशी, दारवानाच्या स्टुलाच्या वर टांगले.

मित्रांनो, मला टाचण्या टोचतात, पण दुखत नाही. टाचणी काढली की बूच आपोआप मिटते. हे आधीच सांगतो, कारण पुढे तुम्हाला वाटेल की मला वाईट वाटले असेल.

दर आठवड्याला माझ्यावर एक तक्ता लागतो. डावीकडे नटांची नावे, वर वार. पडदा उघडण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत प्रत्येकाने आपापल्या चौकटीत नावाचे आणि आडनावाचे पहिले अक्षर, अशी दोन अक्षरे लिहायची. पेन्सिल दोरीला बांधलेली असते. चौकट रिकामी राहिली, की बदली नटाला तयार व्हायला सांगतात. नियम एकच : दुसऱ्याची सही कुणी करायची नाही. या लोकांना खोटे रडणे चालते, खोटे मरणे चालते. खोटी सही चालत नाही.

*कागद, सप्टेंबर १९३८. शेजारीण : कोरा हॅलोरन.*

तक्त्यातले सगळ्यात खालचे नाव. वय एकोणीस, कोळशाच्या खाणींच्या गावाहून आलेली. पहिल्या मंगळवारी तिने चौकटीत सगळे नाव लिहिले. ते बुधवार, गुरुवार ओलांडून शुक्रवारात शिरले. दारवान ऑगी पेट्राक तेव्हा नवाच होता. तो सँडविच खात होता.

"पोरी, चौकट दोन अक्षरांची आहे," तो म्हणाला. "बाकीचं नाव बाहेरच्या दिव्यांच्या पाटीसाठी ठेव. आणि शुक्रवारपर्यंत सही झालीच आहे, तर घरीच बस की."

"तुला इथून काढतील तोवर मी येत राहणार," ती म्हणाली.

*कागद, १९४१. बहीण : कोरा हॅलोरन.* मधले नाव.

*कागद, १९४४. नायिका : कोरा हॅलोरन.* सगळ्यात वरचे नाव. बाहेर दिव्यांची पाटीही लागली म्हणतात. मी आतल्या भिंतीवर असतो, मी ती पाहिली नाही.

*कागद. हे नाटक शनिवारी बंद होत आहे.* पांढरा, चार टाचण्या.

मग ती सिनेमात गेली. ऑगीला पत्रे यायची, तो ती माझ्यावर लावायचा.

*पोस्टकार्ड. ऑगी, इथे सही करावी लागत नाही. न्यायला गाडी येते.*

*पोस्टकार्ड. ऑगी, आज मी ज्याची आई झाले तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे. त्याने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. जड आहे.*

*पोस्टकार्ड. ऑगी, या वेळी मला नावच नाही. नुसती 'दुकानातली बाई'.*

त्यानंतर बरीच वर्षे पोस्टकार्ड आले नाही. जुनी पिवळी पडली, एकेक गळली. ऑगीने त्यांच्या जागी काही लावले नाही.

*कागद, १९६९. घरमालकीण : कोरा हॅलोरन.* मधले नाव.

ती परत आली तेव्हा ऑगीने तिच्यासाठी स्टूल सोडले. ती बसली नाही. बारा वाजताच यायची, आपल्या खोलीत जायची. कपडे स्वतः करायची, मदतीला कुणी नको म्हणायची. वेळ सांगायला कुणी दार वाजवले तर उत्तर द्यायची नाही. हे सगळ्यांच्या अंगवळणी पडले.

काही आठवड्यांनी ती सही विसरू लागली. कधी एकाच चौकटीत दोनदा करायची. रंगमंचावरही वाक्ये निसटू लागली होती, असे जाता-येता बोलणाऱ्यांकडून मला कळले. व्यवस्थापक मिस केलरने तिला सौम्यपणे सांगितले, की तिच्या जागी बदली नटी जून टॉलिव्हरला आणखी एकदा उभे करावे लागले, तर करार संपवावा लागेल. ते बोलणे माझ्यासमोरच झाले. मिस केलर गेल्यावर कोरा म्हणाली, "ऑगी, हे गेलं की मला परत कुणी बोलावणार नाही."

दुसऱ्या दिवशी ती सही न करता आत गेली. त्याने पेन्सिल घेतली आणि तिच्या चौकटीत लिहिले : को. हॅ.

ती आत आहे, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. म्हणजे सही तशी खरीच होती. पुढचे पाच आठवडे ती तशीच खरी होती.

मग एक बुधवार आला. बुधवारी दुपारीही प्रयोग असतो. ऑगीची दाढ ठणकत होती. अकरा वाजता त्याने सुताराला स्टुलावर बसवले आणि तो दातांच्या डॉक्टरकडे गेला. जाण्याआधी तिची सही करून गेला. बाराला ती येतेच, म्हणून.

दीड वाजता मिस केलरने तक्ता पाहिला. सगळ्या चौकटी भरलेल्या. जून टॉलिव्हर वर निवांत विणत बसली होती. तिला कुणी हाक मारली नाही.

दोनला पाच मिनिटे असताना कोराची खोली रिकामी आढळली.

जूनला कोराचा झगा घातला. तो पाठीवर मिटेना. कुणीतरी धावत आले आणि माझ्या टाचण्या उपसून नेल्या, चौदा. माझ्यावरचे कागद जमिनीवर पडले. तक्ता तेवढा एका टाचणीवर लटकत राहिला. पडदा बावीस मिनिटे उशिरा उघडला.

कोरा नाट्यगृहातच होती, हे मला नंतर बोलणाऱ्यांकडून कळले. ती पुढच्या दाराने आली होती, दुपारचा प्रयोग बघायला आलेल्या बायकांबरोबर. सहाव्या रांगेत कडेला, मांडीवर हातमोजे ठेवून बसली होती. जागा दाखवणाऱ्या बाईने तिला ओळखले, पण नाटक सुरू झाल्यावर. तिने वाकून विचारले, तेव्हा कोरा हळूच म्हणाली, "मी बघायला आलेय. घरमालकिणीचं काम करते ती बाई चांगली आहे म्हणतात."

बाईने तिला उठवले नाही. कोराने सगळे नाटक पाहिले. शेवटी टाळ्या वाजवल्या.

मग ती गल्लीतून मागच्या दाराला आली. ऑगी परतला होता, गाल सुजलेला. मिस केलर उभी होती. कोरा थेट माझ्याकडे आली आणि तिने तक्त्यावर बोट ठेवले.

"ही माझी सही नाही."

"नाही," ऑगी म्हणाला. "माझी आहे."

"मी आले नव्हते?"

"नाही आलीस, कोरा."

मग दोरीची पेन्सिल घेऊन तिने बुधवार संध्याकाळच्या चौकटीत सगळे नाव लिहिले. ते गुरुवार ओलांडून गेले, शुक्रवार, शनिवार, रविवार. कागद संपला. शेवटची दोन अक्षरे माझ्यावर आली.

मिस केलरने तिला थांबवले नाही. ऑगीने किल्ल्या काढून स्टुलावर ठेवल्या.

पुढच्या आठवड्याच्या तक्त्यात जूनचे नाव होते. स्टुलावर दुसरा माणूस होता. टाचण्यांपैकी नऊ परत आल्या.

आता मी तळघरात आहे, भिंतीला टेकवलेला. सगळी भोके मिटली आहेत. पेन्सिल मिटत नाही. ती दोन अक्षरे माझ्यावर अजून आहेत.

मित्रांनो, आपल्या माणसाची चौकट रिकामी दिसली, तर मायेने भरून टाकू नका. ती रिकामी दिसू द्या. रिकामी चौकट दिसली की कुणीतरी शोधायला निघते. त्या बुधवारी कुणी निघाले नाही, आणि ती सहाव्या रांगेत बसली होती.