आठ कॅनचं वजन

मुकुंदने गच्चीवर पाण्याचा आठवा कॅन उचलून फळीच्या टोकावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरून, मान तिरकी करून पाहिलं. फळी खालच्या साच्याला सगळीकडून टेकली होती. दोन्ही टोकं किंचित वर, पोट खाली. जुन्या कपाटाच्या पाठीचं पातळ प्लायवूड, दोन थर, मधे चिकटवायला रेझिन. डब्याच्या तळाचंसुद्धा खरवडून त्याने लावलं होतं, कारण पुन्हा डबा आणायची ऐपत यंदा नव्हती. आता दोन दिवस वजन हलवायचं नाही, एवढंच.

पतंगाच्या दोरीला धरून पाण्यावरून शर्यत लावतात, तेव्हा पायाखाली लागते ती ही फळी. वेड मूळचं त्याच्या मुलाचं, सुयशचं. तो नोकरीला हॉलंडमध्ये, समुद्राकाठच्या गावात. तिकडे तयार फळी भारी महाग, असं तो फोनवर बोलून गेला आणि वर म्हणाला, "बाबा, तुम्ही तर घरीच बनवाल." बस्स, एवढं पुरलं. तीस वर्षं वाळूजच्या कारखान्यात साचे बनवलेला माणूस तो. डिसेंबरात जमलं तर येतो, पतंग मी आणतो, नाथसागर धरणावर जाऊ, असंही सुयश म्हणाला होता. त्यातलं 'जमलं तर' मुकुंदने सोयीस्करपणे कानाआड केलं. नाथसागराचा तळ दिसायला लागलाय आणि नळ चौथ्या दिवशी येतोय, तेही त्याने असंच कानाआड केलं होतं.

वजनासाठी पाणी वापरायचं त्याला सुचलं, कारण घरात उरत असलेली वस्तू तेवढी एकच होती. सगळं हर्सूल हंडे घेऊन टँकरमागे धावत होतं आणि याच्या गच्चीवरची टाकी रिकामी होत नव्हती. बायको, उमा, जाऊन चार वर्षं झाली होती. एक ताट, एक बादली, दोन कपडे. एकट्या माणसाला पाणी लागतं तरी किती? त्याने टाकीतलं पाणी कॅनमध्ये भरलं आणि ते कॅन फळीवर मांडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. शेजारी नवी इमारत उठत होती, तिथे कामाला असलेली रत्नमाला दारात उभी होती. तिची त्याला तोंडओळख होती. ती आणि तिचा नवरा सूर्यभान खुलताबादकडचे. चारा संपला तशी मेंढरं विकून दोघं इथे आले होते.

"काका, टँकर आला नाय आज. बोरचं पाणी लई मचूळ हाय, तोंडात धरवत नाय. दोन कॅन द्या की."

"उद्या संध्याकाळी न्या, ताई. आज नाही जमायचं."

"वरून दिसतंय आमाला. कालपासनं नुसतं उन्हात उभं हाय पाणी."

"ते वापरायचं नाहीये."

कशाला ठेवलंय हे सांगायचं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण पतंग, फळी, हॉलंड हे सगळं या बाईला कुठून सांगायला सुरुवात करायची? रत्नमालाने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ती परत गेली.

मुकुंदने पेपर उघडला. एकाच ओळीवरून चारदा डोळे फिरले तेव्हा त्याने तो मिटला. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी कानापर्यंत. तो गच्चीवर गेला, मधला एक कॅन उचलून धापा टाकत खाली आला आणि इमारतीच्या फाटकाशी ठेवून म्हणाला, "बाकीचे वर आहेत. माझ्याच्याने सगळे उतरवले जाणार नाहीत."

सूर्यभान आणि रत्नमाला वर आले. सूर्यभानने एकदम दोन कॅन उचलले आणि फळी कर्रकन वाजली. एक कोपरा बोटभर उघडला. मुकुंदच्या तोंडून 'अरे' निघालं आणि तो खाली बसून दोन्ही हातांनी कोपरा दाबायला लागला.

"काय झालं वो? काय हाय हे?" सूर्यभानने कॅन खाली ठेवले.

मुकुंदने पतंगापासून सगळं सांगितलं. तुटक सांगितलं, कोपरा न सोडता. ओलं आहे, उद्यापर्यंत दाब हवा, नाहीतर थर सुटतील.

"म्हंजी नुसतं वजनच पायजे व्हतं व्हय?"

"हो."

"आवो मंग इटा पडल्यात की खाली ढिगानं! एक आवाज द्यायचा."

रत्नमाला पदर तोंडाशी धरून हसायला लागली. मुकुंदला हसू आलं नाही. गेले तीन महिने भिंतीपलीकडे त्या विटा रचलेल्या होत्या. रोज तो त्यांच्या बाजूने चालत दूध आणायला जात होता. त्याला त्या दिसल्या नव्हत्या असं नाही. कुणाकडे काही मागायचं असतं, हेच तो विसरून गेला होता.

रत्नमालाने घमेल्यातून विटा आणल्या, सूर्यभानने त्या ओळीने मांडल्या. कोपरा बसला. जरा वाकडा राहील, पण बसला.

"ह्याच्यावर उभं राहून पाण्यावर जायचं?" सूर्यभानने विचारलं.

"पाऊस झाल्यावर. नाथसागर भरला की."

"आन् पतंग उडवायला?"

"त्याला दुसरा माणूस लागतो. लांब उभं राहून पतंग धरायचा, खूण केली की सोडायचा."

"कोण हाय मंग?"

मुकुंदने सुयशचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तेव्हा त्याला ते 'जमलं तर' आठवलं.

"कुणी नाही," तो म्हणाला.

सूर्यभानने हाताची माती धोतराला पुसली. "कसं धरायचं, दावा."

पतंग तर नव्हताच. मुकुंदने वाळत घातलेली चादर दोरीवरून ओढली, तिची दोन टोकं सूर्यभानच्या हातात दिली आणि त्याचे हात डोक्यावर नेऊन नीट केले.

"आसं?"

"असंच. आता मी त्या टोकाला जातो. मी हात वर केला की सोडायचं. त्याआधी नाही."

"नाय सोडत. जावा तुमी."

मुकुंद गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि कठड्याकडे तोंड करून उभा राहिला. मागे चादर फडफडत होती. "दमला का वो?" असं रत्नमालाने विचारलेलं त्याला ऐकू आलं. "नाय," सूर्यभान म्हणाला.

त्याच्या खुणेची वाट पाहत मागे कुणीतरी उभं होतं. मुकुंदने बराच वेळ हात वर केला नाही.