रेडिओच्या जागेची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी निळी अमेरिकन गाडी आहे, चौसष्ट सालची. गेल्या आठवड्याचा धक्का अजून ओसरलेला नाही, म्हणून बोलते आहे.

माझा जन्म मिशिगनमधला. टोलेडोच्या कॅसिमिर यांनी मला मागवतानाच सांगितलं होतं, रेडिओ नको. तेव्हा नको असलेली वस्तू कारखान्यातच वगळता येई. माझ्या डॅशबोर्डवर रेडिओच्या जागी एक साधी पत्र्याची पट्टी बसली. उजवीकडचा आरसा मात्र शोरूमवाल्याने स्वतः बसवून दिला.

"कॅसिमिर, जास्तीचा आरसा घेतोस आणि रेडिओ नको? अरे, मुक्या गाडीत बसवतं तरी कसं?" शेजाऱ्याने विचारलं.

"दिवसभर ओतशाळेत यंत्रं कानाशी ओरडतात. गाडीत माझी पोर बोलेल."

आणि त्यांची लेक हेलेना बोलली. शाळेतली भांडणं, पहिली नोकरी, आईचं आजारपण. कॅसिमिर रस्त्यावरची नजर न काढता ऐकत. शेजारी माझं कौतुक करत. पुढे कॅसिमिर थकले, मी गॅरेजात पडून राहिले, उंदरांनी गाद्या कुरतडल्या.

या वसंतात ते गेले. हेलेनाने मला आतेभाऊ रोमानकडे सोपवलं. "फक्त चालती कर," एवढंच म्हणाली.

ती न्यायला आली तेव्हा रोमानचा चेहरा फुलला होता. "डोळे मीट, हेली! मामाच्या गाडीतला रेडिओ कुणीतरी लांबवला होता. त्याच सालचा शोधून आणला!"

त्याने बटण दाबलं. माझ्या छातीतून कुणी परका माणूस गाद्यांची जाहिरात ओरडू लागला.

हेलेनाने दारातूनच आत वाकून पाहिलं. "पट्टी कुठे आहे?"

"तो पत्रा? भंगारात दिला. काल घेऊन गेले."

"रेडिओ कधी नव्हताच, रोमान. बाबांनी तशीच मागवली होती."

रोमानने झटकन रेडिओ बंद केला. "देवा! मला वाटलं... थांब, दुसऱ्या गाडीची पट्टी मिळेल."

"मिळेल. पण ती दुसऱ्या कुणाच्या बाबांची असेल."

रेडिओ त्याने त्याच दुपारी काढला. आता तिथे उघडी खाच आहे, आतल्या तारा दिसतात. हेलेना ती झाकू देत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूत काही कमी दिसलं, तर प्रेमानेसुद्धा घाईने भरू नका. आधी घरच्या माणसाला विचारा. ती जागा कुणीतरी कुणासाठी मोकळी ठेवलेली असते.