अकरा हजार माणसं आणि ताईचा पाय

अहो, गर्दी म्हणजे काय गर्दी! अकरा हजार दोनशे माणसं एका ऑनलाइन दुकानाच्या पानावर जमून एकाच सुरात ओरडत होती, "चमत्कार! चमत्कार!" पाचांपैकी पावणेपाच तारे. विकायला होती 'विषहर पट्टी'. रात्री तळपायाला चिकटवायची आणि सकाळी काढायची. रात्री पांढरीशुभ्र असलेली पट्टी सकाळी काळीकुट्ट! "वर्षानुवर्षं साठलेलं विष तळपायातून बाहेर!" असं विकणारा छातीठोकपणे सांगत होता. कुठलं विष, ते मात्र त्याने सांगितलं नव्हतं. नाव सांगितलं की कुणीतरी तपासायला जातं ना!

ही एवढी गर्दी माझी ताई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एकटी बसून वाचत होती. भाऊजी जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा परदेशात. मी दुसऱ्या गावात, म्हणजे असून नसल्यासारखीच.

"अगं, आज तर कोळशासारखी निघाली!" तिचा फोन आला. "बघ, किती घाण होती अंगात."

"मधुमेहाच्या गोळ्या घेतेस ना?"

"त्या कशाला आता?"

"ताई! डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"अकरा हजार माणसं खोटं बोलतात आणि तू एकटी शहाणी, होय ना?"

तिला ती माणसं खोटी वाटणार तरी कशी? रोज सकाळच्या चहाबरोबर ती त्यांचे वीस-पंचवीस अभिप्राय वाचायची. 'दोन नातवांची आजी' नावाने लिहिणारी एक बाई तर तिची मैत्रीणच झाली होती. "ती आता धावत जिना चढते म्हणे," ताई कौतुकाने सांगायची. त्या आजीने ताईचं नावही कधी ऐकलं नव्हतं, पण ताईच्या दिवसात तेवढंच बोलणं होतं.

आता माझं ऐका. मी त्याच दुकानात काम करते. अभिप्राय तपासणं हाच माझा धंदा. चाळीस खुर्च्यांचा हॉल, प्रत्येकाच्या कानात हेडफोन, दिवसभर कुणी कुणाशी बोलत नाही. समोर मजकूर येतो, लिहिणाऱ्याचं नाव झाकलेलं असतं. हिरवं बटण दाबलं की मजकूर छापला जातो, लाल दाबलं की नाकारला जातो. निम्मे अभिप्राय विकतचे असतात, हे मी ताईला दहादा सांगितलं होतं. अकराव्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुला मेलीला सगळीकडे खोटंच दिसतं." मी फटकळ. "मग बस त्या आजीलाच विचारत," असं म्हणून फोन आपटला आणि पाच आठवडे केला नाही. तिनेही केला नाही. आम्ही दोघी एकाच बापाच्या!

पाच आठवड्यांनी फोन आला तो रुग्णालयातून.

ताईच्या डाव्या तळव्याला जखम झाली होती आणि ती बोटांपर्यंत सडत गेली होती. साखरेमुळे तिच्या पायाची जाणीव कमी झालेली, त्यामुळे दुखलंच नाही. वर रोज रात्री घट्ट चिकटवलेली पट्टी. शेजारणीला वास आला म्हणून तिनेच उचलून आणलं. पाय वाचवता येईल की नाही, ते डॉक्टरीणबाई दोन दिवस सांगू शकत नव्हत्या.

"पण विष निघत होतं हो," ताई क्षीण आवाजात म्हणाली. "पट्टी काळी व्हायची."

डॉक्टरीणबाईंनी वाद घातला नाही. ताईच्या पिशवीतलं पाकीट फोडून त्यांनी कोरी पट्टी काढली आणि खोलीतल्या पाण्याच्या किटलीचं बटण दाबलं. वाफ यायला लागली तशी पट्टी चिमट्याने वर धरली. आधी पिवळी, मग तपकिरी, आणि थोड्याच वेळात काळीकुट्ट.

"आता काय म्हणायचं?" त्या म्हणाल्या. "किटलीच्या अंगातलं विष निघालं? हिच्यात एक भुकटी आहे, ओल लागली की काळी पडते. पट्टीखाली रात्रभर पाय घामेजतो. बास, एवढाच चमत्कार!"

ताईने ती पट्टी मागून घेतली आणि उलटीसुलटी करून पाहिली. मग हळूच म्हणाली, "मी लिहिलं होतं गं त्या पानावर. फोड आला तेव्हाच."

"मग?"

"नाकारलं त्यांनी. नियमात बसत नाही म्हणाले. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. बाकी कुणालाच त्रास नाही, म्हणजे मीच पट्टी नीट लावत नसेन."

तिच्या फोनवर नकाराचा निरोप होता आणि त्यात अभिप्रायाचा नंबर. पट्टीच्या पाकिटात एक चिठ्ठीही सापडली: 'पाच तारे द्या, पुढचं पाकीट मोफत. आजाराचं किंवा डॉक्टरांचं नाव लिहू नका, फक्त चमत्कार लिहा.'

ती चिठ्ठी वाचली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमचा नियमच आहे, ज्या अभिप्रायात आजार, डॉक्टर, रुग्णालय येईल तो नाकारायचा. स्तुती असो की तक्रार, सगळ्यांना सारखाच. शब्द आपोआप पिवळा होतो; पिवळा दिसला की लाल बटण. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. खोटी स्तुती करायला आजाराचं नाव लागत नाही. ज्याचा पाय सडतोय त्याने मात्र काय लिहावं?

दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन आधी त्या आजीला शोधलं. एकाच दिवशी तिने चाळीस वस्तूंना पाच तारे दिले होते, त्यात माशांची टाकी होती, ट्रकचे टायर होते आणि दाढीचं यंत्रही. म्हातारी भलतीच हौशी!

मग ताईच्या अभिप्रायाचा नंबर घातला. मजकुरात एकच शब्द पिवळा होता, 'डॉक्टर'. खाली नाकारणाऱ्याचा क्रमांक आणि लागलेला वेळ: चार सेकंद. क्रमांक माझा होता.

मी सगळं लिहून वर पाठवलं. सुपरवायझर म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा आहे, मॅडम." मी म्हटलं, "तोंड दाबायचा नियम सारखा असला, तरी ओरडायची गरज सगळ्यांना सारखी नसते." ते पान आज मी हे लिहितेय तोवर तरी तसंच आहे.

ताईचा पाय वाचला. दोन बोटं गेली. टाके काढले त्या दिवशी मी तिला सांगितलं, "ताई, तुझं ते लिहिणं मीच नाकारलं."

तिने चादर पायावर ओढून घेतली. मग म्हणाली, "म्हणजे कुणीतरी वाचलं होतं तर."

"नाही गं. वाचलं नव्हतं."

"मग आता वाच."

मी तिच्या फोनवर तो मजकूर उघडला आणि वाचला. मोठ्याने. "पट्टी लावल्यापासून डाव्या पायाला फोड आला आहे. दुखत नाही. डॉक्टरांना दाखवावं का? इथे आणखी कुणाला असं झालं आहे का? कृपया सांगा. मी घरी एकटीच असते."

मला रडू आवरेना. ताईच मला थोपटत होती.

म्हणून सांगते. पट्टी काळी झाली तर किटलीवर धरून बघा, पाण्याखेरीज काही लागत नाही. अकरा हजार लोक एकाच सुरात बोलत असतील तर बाकीच्यांचा आवाज कुठे गेला, हे विचारा. औषध बंद करायचं की नाही, हे ताऱ्यांना नाही, डॉक्टरांना विचारा. आणि तुमचं कुणी एकटं राहत असेल, तर भांडण झालेलं असलं तरी आजच फोन करा, आणि पाय कसा आहे तेवढं विचारा.