सोपं जपानी गाणं

पहिलं गाणं पद्माकरांनी दुसऱ्या ओळीतच नापास केलं. सुनीतीने मोबाइल फुलदाणीला टेकवून उभा केला होता आणि त्यातून एका जपानी रॉक बँडची चार पोरं जिवाच्या आकांताने गात होती. पद्माकर म्हणाले, इतक्या वर माझा गळा पोहोचायच्या आधी शेजारचे आपल्या दाराशी पोहोचतील.

"म्हणून तर सोपं शोधतेय ने, बाबा," सुनीती बडोदेकरी वळणाने म्हणाली. "आपल्याला काय नंबर नाही काढायचा."

सुनीती त्यांची एकुलती एक मुलगी, बडोद्याबाहेर सावली गावाजवळच्या एका जपानी कारखान्यात दुभाषी. पुढच्या महिन्यात ती नागोयाच्या मुख्य कचेरीत चालली होती. तीन वर्षांसाठी, असं सांगत होते; पण तीन वर्षांसाठी म्हणून गेलेलं आणि खरंच परत आलेलं त्यांच्या समा भागात तरी कोणी पद्माकरांच्या पाहण्यात नव्हतं. कारखान्याची एक रीत होती. कोणी जाणार असलं की रविवारी दुपारी कँटीनमध्ये कराओके व्हायचं. मशीन नुसती वाद्यं वाजवतं, पडद्यावर शब्द सरकतात, गायचं आपण. निरोप घेणाऱ्याने घरच्या एका माणसाला बरोबर घेऊन एक जपानी गाणं म्हणायचं. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे जपानी साहेब लोक छास, म्हणजे ताक, पिऊन गायला शिकले होते, आणि त्यांच्या या चिकाटीचं पद्माकरांना मनापासून कौतुक होतं.

घरचं माणूस म्हणून सुनीतीने वडिलांचं नाव घेतलं तेव्हा तिच्या आईने, रमाबाईंनी, भाजी चिरता चिरता मान वर केली होती.

सोपं गाणं कसं ओळखायचं याचे सुनीतीचे आडाखे ठरलेले होते. चाल धीमी हवी, सूर फार वरखाली नको, धृपद तेच ते यायला हवं, आणि मध्येच भरभर बोलल्यासारखं तर मुळीच नको. दुसरं गाणं या सगळ्यात बसत होतं. पद्माकर मान डोलवायलाही लागले होते, पण शेवटच्या कडव्याला सगळा बँड एकदम एक पट्टी वर चढला. हे त्यांना अपमानास्पद वाटलं. गाणाऱ्याला न विचारता पट्टी बदलायची म्हणजे काय? मग तिसरं लागलं. नदीकाठाने सायकल हातात धरून चालत निघालेल्या माणसाचं गाणं होतं. दोन ओळी ऐकल्या आणि पद्माकर उठून पेटीच घेऊन आले. पाच सुरांत सगळं बसत होतं.

"अगं, हा तर आपला भूप," ते म्हणाले. "गिटार बडवतात म्हणून काय झालं?"

जपानी शब्दही त्यांना आवडले. बहुतेक स्वरावर संपणारे, ओढायला सोयीचे. सुनीतीने ते देवनागरीत लिहून दिले. गाणं ठरलं.

पद्माकर बँकेत कारकून होते, पण बडोद्यात त्यांना ओळखत ते पेटीच्या साथीसाठी. संध्याकाळी बँकेतून सुटले की ते कुठेतरी साथीला बसलेले असत. कोणाच्या मुलीची गाण्याची परीक्षा, कोणाचं भजन, कोणाचा नाचाचा क्लास. साथ फार गोड करायचे. गाणारा जाईल तिथे एक पाऊल मागून जायचं, तो अडखळला तर सावरायचं, पण पुढे म्हणून जायचं नाही. नव्या मुली तर पद्माकरकाका पेटीवर असले तरच बसायच्या. दिलेला शब्द त्यांनी कधी मोडला नाही, आणि शब्द नेहमी परक्यांनाच दिलेला असायचा.

सुनीती कॉलेजात असताना जपानी शिकायला लागली आणि तिच्या मास्तरांकडून तिला या बँडांचं वेड लागलं. तिने चार मैत्रिणी जमवून तीच गाणी स्टेजवर म्हटली होती. बाबांनी यावं म्हणून ती आठवडाभर मागे लागली होती. त्या दिवशी पद्माकर बँकेतल्या सुभानरावांच्या मुलीच्या परीक्षेला साथीला होते. पुढच्या वर्षी भजन होतं. त्याच्या पुढच्या वर्षी सुनीतीने विचारलंच नाही, आणि विचारलं नाही हे पद्माकरांच्या ध्यानातही आलं नाही. आता मात्र यायला लागलं होतं. रोज संध्याकाळी ती शेजारी बसून गायला लागली की त्यांना वाटे, हा आवाज आपल्याच घरात होता आणि आपण गावभर दुसऱ्यांचे आवाज सांभाळत हिंडलो. जायच्या आधी एक गाणं तरी तिच्याबरोबर धड व्हावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

सराव झकास झाला. सुनीती म्हणाली, एकदा मशीनच्या संगीतावर म्हणून बघूया. पद्माकर म्हणाले, पेटी असताना मशीन कशाला? रमाबाईंनी दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी बोलल्या.

"तुम्ही तिच्या मागून गाताय."

"मग काय पुढून गाऊ?"

"बरोबर गा," रमाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

रविवारी कँटीनमध्ये चाळीसएक माणसं होती. पद्माकर इस्त्रीचा झब्बा घालून गेले होते. साहेबांनी कमरेत वाकून त्यांना नमस्कार केला, त्यांनीही वाकून केला, साहेब पुन्हा वाकले, आणि हे बराच वेळ चाललं. मग सुनीतीचं नाव पुकारलं. पहिली ओळ दोघांनी मिळून उचलायची ठरली होती. गिटार वाजलं, ढोल वाजले, पडद्यावरचे शब्द एकेक करून रंग बदलायला लागले.

पद्माकरांनी सवयीने तिच्याकडे पाहिलं. गाणारा श्वास घेतो तो दिसला की साथीदाराला कळतं. पण सुनीती त्यांच्याकडेच बघत होती. आज बाबांना मागे टाकून जायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. ती त्यांच्या श्वासाची वाट बघत राहिली आणि ते तिच्या. पहिली ओळ कोणी न म्हणताच संपली. दुसरीही गेली. आजवर पद्माकरांसमोर गाणारा थांबला की वाद्यं थांबत आली होती; मशीन काही थांबेना. ते घाईने मधूनच शिरले आणि चुकीच्या ओळीत शिरले. लोक हसले, प्रेमाने हसले, पण हसले. पद्माकरांनी माइक खाली घेतला.

"तू म्हण," ते म्हणाले. "मी ऐकतो."

ती गायला लागली. पद्माकर पुढच्या रांगेत जाऊन बसले. जन्मभर गाणाऱ्यांच्या शेजारी बसल्यामुळे त्यांना गाणाऱ्याचा एक गालच दिसत आला होता. मुलगी समोरून गाताना कशी दिसते, ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. वरच्या सुरावर ती डोळे मिटून घेत होती. कुठे अडखळत नव्हती. तिला साथीची गरज नव्हती. कधीकाळी असली तर ती केव्हाच संपली होती. शब्दांचा कागद पद्माकरांनी उगीचच चार वेळा दुमडला.

टाळ्या थांबल्यावर ते उठून तिच्याजवळ गेले.

"पुन्हा लाव ना. आता जमेल मला."

"बाबा, आता दुसऱ्यांचा नंबर आहे," ती हळूच म्हणाली, आणि तिने माइक पुढच्या माणसाच्या हातात दिला.

ते स्टोअरमधले बळवंतराव होते. त्यांनीही एक सोपंसं जपानी गाणं पाठ करून आणलं होतं. दोन ओळी बऱ्या गेल्या, मग त्यांचा ताल सुटला आणि ते घाबरून इकडेतिकडे बघायला लागले. पद्माकरांनी बसल्या जागेवरून नजरेने त्यांना धरलं, मांडीवर बोटांनी मात्रा मोजल्या, आणि नेमक्या जागी हात वर करून खूण दिली. बळवंतरावांनी ओळ अचूक उचलली. मग पुढचीही. कँटीनमधले सगळे ठेका धरून टाळ्या वाजवायला लागले.

पद्माकरांनी वळून पाहिलं. सुनीती टाळ्या वाजवत नव्हती. ती बळवंतरावांसाठी अजून वर असलेल्या त्यांच्या हाताकडे बघत होती.