त्या असं म्हणाल्या नाहीत

रिफत मूळची दापोलीची, कतारमधल्या दोह्यातल्या एका पुनर्वसन केंद्रात फिजिओथेरपिस्ट. हनानला पुन्हा चालायला शिकवण्याचं काम तिच्याकडे होतं. हनान गाझातली शिक्षिका. बॉम्बहल्ल्यात तिचा डावा पाय गुडघ्याखाली तुटला, आणि उपचारांसाठी तिला इथे आणलं गेलं. नवरा आणि मुलगी तिकडेच, तंबूत राहिली.

युद्धविरामाच्या वाटाघाटी याच शहरात चालल्या होत्या. व्यायामाच्या हॉलमधला टीव्ही रोज सांगायचा, चर्चा सकारात्मक आहे. ते ऐकलं की हनान चालण्याच्या सरावाच्या दांड्यांना धरून आणखी एक फेरी मारायची.

एका सकाळी त्या चर्चेसाठी आलेले दोन परदेशी पाहुणे कॅमेरेवाल्यांसह केंद्रात आले. सोबत दुभाषा. उंच पाहुणा हनानसमोर वाकला. "तुमची हिंमत बघून आम्हाला बळ मिळतं."

दुभाष्याने ते अरबीत सांगितलं. हनान त्याला म्हणाली, "यांना सांगा, बळ मिळत असेल तर ते वापरा. परवा माझ्या मुलीच्या शेजारचा तंबू जळला, तेव्हा तुमची चर्चा जेवणासाठी थांबली होती. कुठल्या शब्दावर अडलंय तुमचं? मी भाषा शिकवते. शब्द मी देते."

दुभाषा इंग्रजीत म्हणाला, "त्या आपल्या प्रयत्नांबद्दल आभार मानतायत. शांततेसाठी प्रार्थना करतायत."

पाहुण्याने छातीवर हात ठेवला. फोटो निघाले.

इतक्या वर्षांच्या नोकरीत रिफतला अरबी चांगली येऊ लागली होती. "त्या असं म्हणाल्या नाहीत," ती इंग्रजीत म्हणाली, आणि हनानचं वाक्य न् वाक्य तिने सांगितलं. जेवणाचंही.

पाहुणा म्हणाला, "आम्ही त्यांच्या भावना समजू शकतो." मग सगळे निघून गेले.

मॅनेजर मिहीरने रिफतला केबिनमध्ये बोलावलं. "तुला कुणी विचारलं होतं का मध्ये बोलायला?"

"विचारलं हनानने होतं, सर. पाहुण्यांना."

"उद्यापासून तू ओपीडीत. गुडघेदुखीवाले बघ."

संध्याकाळी अल सद्द भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये तिचा नवरा फैसल वैतागला. "मोठ्या लोकांच्या कामात तू कशाला पडलीस? आपला व्हिसा कुणाच्या हातात आहे, ठाऊक आहे ना?"

"एका बाईचं बोलणं तिच्या तोंडादेखत बदललं त्याने," रिफत म्हणाली. "मी काय तिचा पाय चोळत गप्प बसू?"

फैसल उठून आत गेला. रिफतला त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी ड्युटीआधी ती हनानला भेटायला गेली. दुभाष्याने काय सांगितलं होतं आणि आपली बदली कशी झाली, ते तिने सांगितलं.

"तुला काढलं," हनान म्हणाली. "आणि त्या दुभाष्याला?"

"त्याला काही नाही झालं."

"तिकडे चर्चेच्या टेबलाशीही तोच बसतो?"

"मला माहीत नाही."

हनानने हातातली कुबडी भिंतीवर फेकली. नर्स धावत आली, तिला रिफतने हाताने थांबवलं. हनानने मुलीला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला.

त्या आठवड्यात पाहुणे आपापल्या देशी परतले. पुढची फेरी लवकरच होईल, असं टीव्हीने सांगितलं. रिफत दुपारच्या सुट्टीत हनानकडे जात राहिली. मिहीरने पाहिलं आणि तो न थांबता पुढे गेला.