टोक घासलेली किल्ली

संपादकसाहेब, तुम्ही चोर आहात. हे तोंडावर सांगायला तीनदा आलो. तिन्ही वेळा तुमच्या शिपायाने "साहेब मीटिंगमध्ये आहेत" म्हणून जिन्यावरूनच परत पाठवलं. म्हणून लिहितोय.

मी किल्ल्या बनवतो. दिवसभर लोकांच्या किल्ल्यांच्या डुप्लिकेट काढतो, आणि तुमच्या मासिकाला पाठवलेल्या स्वतःच्या कथेची साधी झेरॉक्स काढली नाही. बायको तेव्हाच म्हणाली होती, "अहो, एक प्रत ठेवा जवळ." मी म्हटलं, "एवढी मोठी माणसं, माझ्या कागदांचं काय लोणचं घालणार आहेत?"

कथा तुम्हाला आठवतच असेल. एक बाई किल्लीवाल्याला म्हणते, "अशी डुप्लिकेट द्या, जी कुलपात जाईल पण फिरणार नाही." नवरा रोज पिऊन येतो, मारतो. तो दाराशी खटपट करील तेवढ्यात तिला पोरीला घेऊन मागच्या दाराने निसटायचंय.

सात महिने वाट पाहिली. मग तुमची एक ओळ आली: कल्पनेत नावीन्य नाही. त्या दिवशी कामात लक्ष लागेना, दोन किल्ल्या वाया गेल्या. खरंच कुणाकडून ऐकली होती का मी ही गोष्ट? एखादं गिऱ्हाईक बोलून गेलं होतं का? जेवण जाईना.

बायको म्हणाली, "ऐकली असती तर मला दहा वेळा सांगितली असतीत. तुमच्या तोंडात तीळ तरी भिजतो का?"

गेल्या आठवड्यात तुमचा विशेषांक हातात पडला. तीच बाई, तीच किल्ली, वर नाव तुमच्या सहसंपादकांचं. वाक्यं गुळगुळीत, माझ्यासारखी ओबडधोबड नाहीत. पण त्यातून ती बाई काढा आणि बघा काय उरतं ते. नुसतं पॉलिश.

माझ्याकडे पुरावा काय? सातवी पास किल्लीवाल्यावर कोण विश्वास ठेवणार? अंक तीनदा वाचला. तिसऱ्यांदा एका ओळीवर अडलो: "त्याने किल्लीचं टोक घासलं."

साहेब, टोक घासून किल्ली अडत नाही. मजेत फिरते. अडवायची तर दात घासावा लागतो. वाचून कुणी दुसऱ्याची किल्ली बिघडवू नये, म्हणून ते खोटं मी मुद्दाम लिहिलं होतं.

उद्या अकरा वाजता कानस घेऊन येतोय. सहसंपादकांना घरचं कुलूप आणि त्याची किल्ली आणायला सांगा. टोक मी घासतो, कुलूप त्यांनी उघडायचं. आणि ते उघडलं, की सगळ्या ऑफिससमोर मला उत्तर हवंय: माझी चूक त्यांना सुचली कशी?